क्लायंटच्या विरोधात बातमी येतेय, ओळखीच्या रिपोर्टरला "थांबव" म्हणून सांगू का?

पीआरमधली_नवी:

नमस्कार मंडळी. इथे पेपरवाले पण आहेत आणि एजन्सीवाले पण, म्हणून विचारतेय. जरा मोठं झालंय पण वाचा प्लीज, उद्या संध्याकाळच्या आत काय ते ठरवायचंय.

मी एका पीआर (जनसंपर्क) एजन्सीत आहे, या लाईनमध्ये तशी नवीनच. आमचा एक क्लायंट आहे, ऑनलाइन शिकवणीची कंपनी. शिक्षणाची बीट बघणारा, म्हणजे शिक्षणाच्या बातम्या सांभाळणारा, एक बातमीदार आहे, त्याच्याशी कामामुळे चांगली ओळख झालीय, म्हणजे मी प्रेसनोट पाठवते, कधी कंपनीतल्या कोणाची मुलाखत लावून देते, त्याला भलत्याच विषयावर बोलायला कोणी जाणकार हवा असेल तरी शोधून देते, आणि तोही फोन उचलतो, बातमी होणार नसेल तर सरळ "नाही होणार" म्हणून सांगतो. आज सकाळी त्याचा मेल आला. कोर्स मधेच सोडलेल्या मुलांच्या पालकांना फी परत मिळत नाहीये, माझ्याकडे पावत्या आहेत, कस्टमर केअरने पालकांना केलेले मेल आहेत, हे पाच प्रश्न, उद्या सहापर्यंत उत्तर द्या.

मेल क्लायंटकडे पाठवला तर लगेच फोन. तिकडचं म्हणणं असं की तुमचे एवढे चांगले संबंध आहेत ना, मग सांगा की त्याला, आपण त्याला इतक्या मुलाखती दिल्या, ही एक बातमी तो सोडू शकत नाही का. आणि सोडणारच नसेल तर निदान छापायच्या आधी आपल्याला वाचायला पाठव म्हणावं. माझे बॉस म्हणतात यातलं काहीच करू नकोस, "कंपनी ग्राहकांच्या समाधानाला सर्वोच्च प्राधान्य देते" एवढी एक ओळ पाठव आणि गप्प बस.

मला तिन्ही पटत नाहीये पण का पटत नाहीये ते नीट सांगता येत नाहीये. संबंध ठेवा संबंध ठेवा असं पहिल्या दिवसापासून ऐकतेय, तर हे संबंध नेमके कशासाठी असतात? त्याच्याकडे मी काय मागू शकते आणि काय नाही?

---

बीट_सांभाळणारा:

मी रिपोर्टर आहे, त्यामुळे माझं म्हणणं एका बाजूचं आहे हे धरून चला, पण या बाबतीत शंका नाही म्हणून ठामपणे लिहितो. बातमी थांबवायला फोन करू नका. अजिबात नाही.

असा फोन आला की आमच्याकडे काय होतं ते सांगतो. पहिली गोष्ट, तो फोन मला चीफ रिपोर्टरला सांगावा लागतो, कारण उद्या बातमी काही कारणाने पुढे ढकलली गेली आणि मागून कळलं की कंपनीकडून फोन आला होता तर संशय माझ्यावर येतो. दुसरं, जी बातमी कदाचित आतल्या पानावर तीन कॉलम गेली असती तिच्याबद्दल वरचे विचारायला लागतात, अरे एवढी धडपड चाललीय म्हणजे प्रकरण मोठं आहे का, अजून पालक शोध, आधीच्या तक्रारी काढ. आणि तिसरं, जे तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं, त्या दिवसापासून तुम्ही दिलेली प्रत्येक मुलाखत मला उधारी वाटायला लागते. आतापर्यंत तुम्ही मला माणूस बोलायला दिला आणि मी बातमी वाचकाच्या कामाची आहे का ते बघून ती केली किंवा नाही केली, तिथे हिशोब मिटला. ते "दिलं" असं कुणी म्हणायला लागलं की सगळंच बिघडतं.

आता काय मागू शकता, आणि हे मागायला अजिबात संकोच करू नका. वेळ मागू शकता, कारण देऊन. "फायनान्सवाले उद्या दुपारी आकडे देतायत, आठपर्यंत चालेल का" असं म्हटलं तर बहुतेक वेळा चालतं, कारण उत्तर असलेली बातमी मलाही हवीच असते. नेमका आरोप काय, किती पालकांबद्दल, कधीपासूनचा, हे विचारू शकता, आणि ते सांगणं माझ्यावर बंधनकारक आहे असं मी मानतो, कारण मोघम आरोपाला कोणीच उत्तर देऊ शकत नाही. पालकांची नावं मी देईनच असं नाही, त्यांनी नाव देऊ नका म्हटलं असेल तर देणार नाही. मी काही चुकीचं समजलो असेन, म्हणजे समजा रिफंडची मुदत तीस दिवस असताना मी पंधरा धरली असेल, तर कागद दाखवून ते आजच सांगा, छापून आल्यावर नाही. आणि तुमचं उत्तर शेवटच्या ओळीत कोंबू नये, जिथे आरोप आहे तिथेच त्याच्या जवळ यावं, अशी विनंती करू शकता. विनंती, अट नाही.

छापायच्या आधी वाचायला देणं, नाही. तुम्हालाच नाही असं नाही, तक्रार करणाऱ्या पालकांनाही नाही, मंत्र्यालाही नाही. तुमच्या माणसाच्या तोंडचं वाक्य बरोबर घेतलंय का एवढं मी फोनवर वाचून दाखवतो, किचकट हिशोब असेल तर तो परिच्छेद समजावून घेतो. त्यापुढे जाता येत नाही कारण मग बातमी कोणाची हाच प्रश्न येतो.

आणि एक, खोटं बोलू नका. "मला माहीत नाही" चालतं, "विचारून सांगते" चालतं, "यावर कंपनी बोलणार नाही" हेसुद्धा चालतं, मी तसं छापेन एवढंच. पण "अशी एकही तक्रार नाही" असं तुम्ही म्हणालात आणि माझ्याकडे पावत्या आहेत, तर ते वाक्य मी तुमच्या नावाने छापणार, आणि त्यानंतर तुमच्या कुठल्याच शब्दावर माझा विश्वास बसणार नाही, एजन्सी बदललीत तरी.

---

डेस्कचा_माणूस:

वरच्याशी सहमत. मी उपसंपादक आहे, रिपोर्टरची कॉपी (म्हणजे त्याने लिहिलेली बातमी) आणि प्रेसनोटा दोन्ही माझ्यासमोर येतात, त्यामुळे त्या एका ओळीबद्दल तेवढं सांगतो.

"ग्राहकांच्या समाधानाला सर्वोच्च प्राधान्य" ही ओळ माझ्याकडे आली की मी काय करतो माहितीये का? कापतो. आकस नाही, जागा नसते. त्यात माहिती शून्य आहे. मग उरतं काय, तर "कंपनीने प्रश्नांची थेट उत्तरे दिली नाहीत." हे वाक्य पूर्णपणे खरं असतं आणि वाचणाऱ्याला जे कळायचं ते कळतं. तुमच्या बॉसना वाटतंय की गुळमुळीत ओळ सेफ असते, पण पानावर ती तशी दिसत नाही. त्याऐवजी उत्तरात एक जरी ठोस गोष्ट असेल, आकडा, तारीख, काय करणार आहोत, तर ती ओळ मी कापूच शकत नाही, कापली तर बातमी लंगडी होते. कधी कधी तीच ठोस गोष्ट उपशीर्षकात जाते. म्हणजे बातमीत तुमची बाजू किती येणार हे बरंचसं तुमच्या हातात आहे आणि ते संबंधांवर नाही, मजकुरावर ठरतं.

विषय निघालाच आहे तर रोजच्या प्रेसनोटांबद्दलही सांगतो, कारण बरेच पीआरवाले वाचत असतील. पहिल्या परिच्छेदात कंपनीचं नाव, मग "अग्रगण्य", मग "अभिनव", मग संचालकांना अत्यंत आनंद झालाय. बातमी कुठे असते? चौथ्या परिच्छेदात, तीही असली तर. मी ती उचलून वर आणतो, विशेषणं काढतो, आनंद काढतो, आणि दीडशे शब्द उरले तर नशीब. हे काम पाठवणाऱ्याने केलं असतं तर नोट लागायची शक्यता वाढली असती, कारण रात्री नऊला माझ्यासमोर अशा नोटांचा ढीग असतो आणि ज्यात कमी काम करावं लागतं ती आधी उघडली जाते. फोटोखाली माणसांची नावं डावीकडून उजवीकडे लिहून पाठवा. एवढ्याशा गोष्टीवरून फोटो राहतो हो. आणि मेल पाठवल्यावर दहा मिनिटांत "मिळाला का" असा फोन, हे डेडलाइनच्या वेळी तर कृपया नकोच.

---

एजन्सीतली_सीनियर:

ताई, तुमच्या जागी मी खूपदा उभी राहिलेय म्हणून जरा सविस्तर लिहिते. रिपोर्टर आणि डेस्कने त्यांचं सांगितलं ते बरोबरच आहे, पण तुमची खरी अडचण रिपोर्टर नाहीये, क्लायंट आहे. रिपोर्टर त्याचं काम करतोय आणि नीट करतोय, मुदत दिली, प्रश्न लेखी दिले, पुरावा काय आहे ते सांगितलं. असा माणूस असणं ही नशिबाची गोष्ट आहे, हे क्लायंटला पटवून सांगणं हे तुमचं उद्याचं पहिलं काम.

मी क्लायंटशी बोलताना नीतीवरून सुरू करत नाही, त्याचा उपयोग होत नाही. मी विचारते की पालकांचे पैसे खरंच अडकलेत का? हो की नाही. नाही असेल तर कागद द्या, मी आज रात्रीच पाठवते, बातमी होणारच नाही. हो असेल तर मग बातमी थांबवून काय होणार, पालक तर तिथेच आहेत, ते उद्या दुसऱ्या पेपरकडे जातील, नाहीतर सरळ सोशल मीडियावर लिहितील आणि तिथे तुम्हाला प्रश्न विचारायला आणि उत्तराला मुदत द्यायला कोणी नसेल. मग आज तुमच्या हातात काय आहे, तर पैसे परत करायची तारीख ठरवणं. ती तारीख बातमीत आली तर बातमीचा सूरच बदलतो. मुख्य म्हणजे पालकांना पैसे मिळतात, आणि आपण ज्याच्यासाठी बोलतो त्याने नीट वागावं म्हणून आतमध्ये भांडणं हा पीआरच्या कामाचा भाग आहे असं मी मनापासून मानते.

या धंद्यातली एक जुनी गाजलेली गोष्ट अशाच प्रसंगाची आहे. आयव्ही ली म्हणून अमेरिकन गृहस्थ होते, आधी स्वतः बातमीदार, मग कंपन्यांसाठी काम करायला लागले. ऑक्टोबर १९०६ मध्ये अटलांटिक सिटीजवळ पेनसिल्व्हानिया रेल्वेची गाडी पुलावरून पाण्यात गेली, ५० हून जास्त माणसं गेली. तेव्हा रेल्वे कंपन्यांची सवय अपघात दडपायची. ली यांनी उलट केलं, कंपनीच्या वतीने काय झालं त्याचं निवेदन वर्तमानपत्रांना दिलं, न्यूयॉर्क टाइम्सने ते जसंच्या तसं छापलं, आणि त्याला बरेच जण पहिली प्रेसनोट म्हणतात. म्हणजे पहिली गाजलेली प्रेसनोट कुठल्या लाँचची नव्हती, वाईट बातमीची होती! त्याच वर्षी त्यांनी संपादकांना पाठवलेल्या पत्रकात लिहिलं होतं की आमचं काम उघड चालतं, आणि आमचा मजकूर जाहिरात विभागात जायला हवा असं वाटलं तर तो वापरू नका.

तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर हेच आहे. संबंध असतात ते अशा दिवसासाठी. चांगल्या दिवशी प्रेसनोट कोणीही पाठवतं. वाईट दिवशी जो फोन उचलतो, खरं सांगतो आणि वेळेत सांगतो त्याचा नंबर रिपोर्टर जपून ठेवतो. बातमी थांबवण्यासाठी ते वापरायला गेलात तर वापरायला काही उरत नाही.

---

मुक्त_लिहिणारी:

वरचं सगळं वाचून बरं वाटलं पण आयव्ही ली यांची गोष्ट अर्धीच राहिली म्हणून पुढची सांगते, कारण ती महत्त्वाची आहे. १९१४ मध्ये कोलोराडोत लडलो इथे कोळसा खाणीतल्या संपकऱ्यांच्या तंबूंवर हल्ला झाला, त्यात बायका आणि लहान मुलं मेली. खाणीत पैसा रॉकफेलर घराण्याचा. त्यांच्यासाठी हेच ली पत्रकं काढत होते, आणि त्या पत्रकांत संपाच्या पुढाऱ्यांच्या पगाराचे आकडे फुगवून दिलेले होते, वर्षभराची रक्कम नऊ आठवड्यांची म्हणून. लेखक अप्टन सिंक्लेअर यांनी तेव्हा त्यांना "पॉयझन आयव्ही" म्हटलं. म्हणजे उघडपणाचं पत्रक लिहिणारा माणूस तोच, फरक पडला तो क्लायंट काय देतो आणि आपण ते न तपासता पुढे ढकलतो का यातून.

आणि पत्रकारांनीही आपली बाजू बघायला हवी. १९९० मध्ये कुवेतवर इराकने कब्जा केला तेव्हा एका पंधरा वर्षांच्या मुलीने अमेरिकन खासदारांसमोर रडत सांगितलं की सैनिकांनी दवाखान्यातल्या बाळांना इन्क्युबेटरमधून काढून जमिनीवर टाकलं. ते जगभर दाखवलं गेलं. ही मुलगी अमेरिकेतल्या कुवेती राजदूताची लेक होती आणि ती सगळी मोहीम हिल अँड नोल्टन या पीआर कंपनीने चालवलेली होती, हे उघडकीला यायला जानेवारी १९९२ उजाडलं, तोवर युद्ध होऊनही गेलं होतं. त्या वेळी कॅमेरे लावून बसलेल्यांनी ही मुलगी कोण आणि हिला इथे कोणी आणलं हे दोन प्रश्न विचारून उत्तर मिळेपर्यंत धीर धरला असता तर? मला या गोष्टीचा अजूनही त्रास होतो.

म्हणून मी प्रत्येक पीआरच्या माणसाला पहिल्याच फोनला विचारते की तुम्ही कोणासाठी काम करता आणि पैसे कोण देतंय. चांगले पीआरवाले विचारायच्या आधी सांगतात. "स्वतंत्र तज्ज्ञ" म्हणून जो माणूस बोलायला दिला तो त्याच कंपनीच्या सल्लागार मंडळावर निघाला तर त्या तज्ज्ञाचं जाऊ दे, पण ज्याने दिला त्याच्याशी माझं बोलणं संपतं. ताई, तुम्ही त्या बातमीदाराला जाणकार शोधून देता म्हणालात, फार चांगलं करता, फक्त त्यांचा क्लायंटशी संबंध असेल तर दर वेळी आधी सांगत जा.

---

पीआरमधली_नवी:

सगळ्यांचे खूप आभार, एवढं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. एजन्सीतल्या ताईंनी सांगितलं तसंच क्लायंटशी बोलले, पैसे अडकलेत का हो की नाही. तिकडे आधी शांतता, मग म्हणाले हो, अडकलेत काही. आता उत्तर द्यायला तयार झालेत. पण दोन नवीन गोष्टी निघाल्या.

एक, त्यांच्या फायनान्सचे प्रमुख म्हणतात मी रिपोर्टरशी ऑफ द रेकॉर्ड बोलतो, पैसे का अडकले त्याचं खरं कारण सांगतो पण नाव नको. हे करू द्यावं का?

दोन, पुढच्या महिन्यात त्यांचा एक अभ्यास अहवाल येतोय, मुलांच्या ऑनलाइन शिकण्याबद्दल, तो आम्ही काही पत्रकारांना एम्बार्गो टाकून, म्हणजे ठरलेल्या वेळेआधी छापायचं नाही या बोलीवर, आधी देणार आहोत. बॉस म्हणतात ही बातमी आली तर या रिपोर्टरला त्या लिस्टमधून काढ. मला हे बरोबर वाटत नाही पण तसं करायची पद्धत आहे का?

---

बीट_सांभाळणारा:

ऑफ द रेकॉर्डबद्दल. हे शब्द बोलून झाल्यावर उच्चारायचे नसतात, आधी ठरवायचं असतं आणि दोघांनी मान्य करायचं असतं. प्रमुख साहेब दहा मिनिटं बोलले आणि शेवटी "हे ऑफ द रेकॉर्ड हां" म्हणाले तर मी ते मानायला बांधील नाही. आणि प्रत्येकाच्या डोक्यात अर्थ वेगळा असतो, कोणाला वाटतं नाव नको पण माहिती छापा, कोणाला वाटतं काहीच छापू नको, नुसतं तुला कळावं म्हणून सांगतोय. त्यामुळे तो शब्द सोडून सरळ वाक्यात ठरवा: "ही माहिती वापरू शकता, कंपनीतला वरिष्ठ अधिकारी एवढंच म्हणा" किंवा "हे छापू नका, फक्त समजण्यासाठी". मेलवर ठरलं तर उत्तम.

पण या प्रकरणात मी म्हणेन कशाला? पालकांना पैसे का मिळाले नाहीत याचं कारण नावानिशी सांगण्यासारखं नसेल तर गडबड वेगळीच आहे, आणि सांगण्यासारखं असेल तर ते उत्तरातच लिहा. नाव न देता बोलायची सवलत मी त्याला देतो ज्याची नोकरी किंवा जीव धोक्यात आहे. कंपनीच्या प्रमुखाला कंपनीचीच बाजू निनावी मांडायला देणार नाही, आणि तुमचा रिपोर्टरही बहुतेक देणार नाही.

---

विज्ञान_पानवाला:

एम्बार्गोचं मी सांगतो, माझं रोजचं काम त्यावर चालतं. मोठी संशोधन नियतकालिकं आपले शोधनिबंध पत्रकारांना काही दिवस आधी देतात, अमुक दिवशी अमुक वाजेपर्यंत छापायचं नाही या बोलीवर, म्हणजे मला निबंध नीट वाचायला आणि दुसऱ्या शास्त्रज्ञाला विचारायला वेळ मिळतो. ही चांगली सोय आहे. पण ती बोली आहे, दोघांची. मेलच्या डोक्यावर "एम्बार्गो" लिहून शंभर जणांना पाठवलं म्हणजे शंभर जणांवर बंधन आलं असं होत नाही, आधी "या अटीवर हवाय का" विचारायचं, हो आलं की मग फाइल पाठवायची.

एकदा हो म्हटलं की मात्र पाळायचं. मोडलेला एम्बार्गो किती गाजू शकतो याचं मोठं उदाहरण म्हणजे ७ मे १९४५, जर्मनीने फ्रान्समधल्या रीम्समध्ये शरणागतीवर सही केली, हजर असलेल्या बातमीदारांना बातमी रोखून ठेवायला सांगितलेलं, कारण स्टालिनला बर्लिनमध्ये दुसरा समारंभ हवा होता. एपी (असोसिएटेड प्रेस) या वृत्तसंस्थेचे एडवर्ड केनेडी यांनी ती दिली. त्यांचं म्हणणं असं की जर्मन रेडिओवरच ती जाहीर झालीय, यात सैन्याच्या सुरक्षिततेचं काही नाही, नुसतं राजकारण आहे. त्यांची नोकरी गेली. एपीने त्याबद्दल माफी मागितली २०१२ मध्ये, तोवर केनेडी जाऊन कित्येक वर्षं झाली होती. माझं मत केनेडींच्या बाजूने आहे, कारण एम्बार्गो असतो तो बातमी नीट व्हावी म्हणून, कोणाच्या सोयीने लोकांना अंधारात ठेवायला नाही.

म्हणूनच लिस्टमधून नाव काढणं चुकीचं. ज्याने बोली मोडली त्याला काढा, ते समजू शकतं. ज्याने खरी बातमी दिली त्याला काढलंत तर बाकीच्या सगळ्यांना कळतं की ही लिस्ट गोड लिहिणाऱ्यांची आहे, आणि मग त्या अहवालावरच कोणाचा भरवसा राहत नाही. हो, असं करणारे असतात. त्यांच्या अहवालांना पान किती मिळतं ते बघा.

आणि अहवाल येतोच आहे तर एक विनंती, प्रेसनोटमध्ये तो फुगवू नका. २०१४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये यावरच एक अभ्यास आला होता. ब्रिटनमधल्या २० मोठ्या विद्यापीठांच्या २०११ मधल्या ४६२ प्रेसनोटा त्यांनी मूळ शोधनिबंधांशी आणि छापून आलेल्या बातम्यांशी ताडून पाहिल्या. प्राण्यांवरच्या प्रयोगांबद्दलच्या नोटांपैकी ३६ टक्क्यांत माणसांबद्दलचे निष्कर्ष वाढवून काढलेले. नोटेतच असं फुगवलेलं असेल तर ८६ टक्के बातम्यांतही ते तसंच आलं, नोट साधी असेल तर फक्त १० टक्क्यांत. म्हणजे पत्रकार मीठमसाला लावतात असं आपण म्हणतो, पण बराचसा प्रेसनोटमध्येच आलेला असतो, आणि आम्ही मूळ निबंध न उघडता तो उतरवतो, हा दोष आमचा. फुगवलेल्या नोटांना जास्त बातम्या मिळाल्या का, तर तसा ठोस पुरावाही त्यांना सापडला नाही. मग कशाला करायचं ते? अहवालाबरोबर किती मुलांना विचारलं, कोणी विचारलं, खर्च कोणी केला, हे पहिल्याच पानावर द्या.

---

पीआरमधली_नवी:

फायनान्सच्या साहेबांना सांगितलं, ते नावानिशी बोलायला तयार झाले, नव्हे, त्यांना तेच बरं वाटलं. लिस्टचं बॉसशी बोलतेय, अजून वाद चालू आहे पण मी मागे हटणार नाही. उत्तराचा मसुदा केलाय, जरा बघता का:

"आमची कंपनी नेहमीच पालकांच्या हिताला महत्त्व देत आली आहे. काही तांत्रिक अडचणींमुळे मोजक्या पालकांच्या परताव्यास विलंब झाला असून त्याबद्दल झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. सर्व परतावे लवकरात लवकर अदा करण्यात येतील."

---

डेस्कचा_माणूस:

पहिलं वाक्य मी कापणार, सांगितलंच. "मोजक्या" म्हणजे किती? पाच की पाचशे? आकडा नसेल तर रिपोर्टर त्याच्याकडचा आकडा घेणार. "तांत्रिक अडचण" म्हणजे काय, सर्व्हर बंद होता की कोणी सहीच केली नाही? "लवकरात लवकर" वाचून पालकाला काही कळत नाही.

---

एजन्सीतली_सीनियर:

डेस्कच्या दादांचं बरोबर आहे. आणि रिपोर्टरने पाच प्रश्न विचारलेत, तर पाच उत्तरं जाऊ देत, नंबर टाकून. ज्याचं उत्तर नाही तिथे "याची माहिती आत्ता नाही, सोमवारी देऊ" असं लिहा आणि सोमवारी खरंच द्या. सुरुवातीचं निवेदन मी असं करेन, रिकाम्या जागा फायनान्सकडून भरून घ्या:

"गेल्या सहा महिन्यांत फी परतीसाठी आलेल्या अर्जांपैकी (इतके) अर्ज मुदतीनंतरही प्रलंबित आहेत. कोर्स रद्द झाल्याची नोंद आणि पैसे देणारा विभाग यांच्यात माहिती वेळेवर पोहोचत नव्हती, ही आमची चूक आहे. हे सर्व पैसे (तारीख) पर्यंत पालकांच्या खात्यात जमा होतील. त्या तारखेपर्यंत पैसे न मिळाल्यास पालकांनी (या क्रमांकावर) थेट संपर्क साधावा, तेथे (नाव, पद) उत्तर देतील."

दिलगिरी शेवटी एका साध्या वाक्यात. कारण खरं असेल तरच लिहा हं, मी नमुना म्हणून लिहिलंय, तुमच्याकडे वेगळं असेल तर ते लिहा. तारीख अशी द्या की फायनान्सवाले छातीवर हात ठेवून हो म्हणतील, कारण त्या तारखेच्या दुसऱ्या दिवशी तो रिपोर्टर त्याच पालकांना परत फोन करणार आहे, आणि करायलाच हवा.

---

बीट_सांभाळणारा:

हे उत्तर माझ्याकडे आलं तर मी जवळजवळ सगळं घेईन, आणि तो नंबर तर चौकटीत टाकेन, पालकांच्या कामाचा आहे. सहाची डेडलाइन असेल तर पाचपर्यंत पाठवा, एक तास हातात असला की मला उलट प्रश्न विचारता येतो आणि तुम्हालाही उत्तर देता येतं. मेल केल्यावर एकच फोन करा, "पाठवलंय, सात वाजेपर्यंत मी फोनवर आहे, काही अडलं तर विचारा" एवढंच. आणि खरंच फोनवर राहा.

---

पीआरमधली_नवी:

आकडे आले, तारीखही आली, साहेबांनी स्वतः सही करून दिलीय. पाचही उत्तरं लिहून झाली. चौथ्याची माहिती नाहीये तर तिथे सोमवार लिहिलाय. आत्ता पाठवतेय.